लेझर शोमधला लाल: चमक आणि रंगाचा तोल कसा साधायचा

मंडपात लेझर प्रोजेक्टर लावला, पांढरी रेषा मागितली आणि पडद्यावर निळसर-हिरवट रेषा आली, हे दृश्य या धंद्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. दोष बहुतेक वेळा हिरव्या-निळ्यात नसतो. लाल कमी पडलेला असतो. मग ऑपरेटर लाल ड्रायव्हरचा (लाल डायोडला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटचा) प्रीसेट, म्हणजे प्रवाह ठरवणारा बारीक स्क्रू, थोडा फिरवतो, एक-दोन कार्यक्रम रंग बरा दिसतो, आणि पुढच्या कार्यक्रमात लाल डायोड नुसता एलईडीसारखा मिणमिणत बसतो. लेझर म्हणून तो संपलेला असतो.

पांढऱ्या रंगाची मर्यादा लाल ठरवतो. म्हणून लालला वर खेचायचं नाही. तापलेल्या अवस्थेत तो जेवढा टिकतो तेवढा प्रमाण मानायचा आणि हिरवा-निळा त्याच्या मापाने खाली आणायचे. खालची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे. तुमच्याकडे १ ते ५ वॅटचा तिरंगी प्रोजेक्टर आहे, त्याचं झाकण उघडायची तयारी आहे आणि मल्टिमीटर धरता येतो, असं गृहीत धरलं आहे.

झाकण उघडण्याआधी

१ वॅटचा, १ मिलिरेडियन (दर मीटरला १ मिलिमीटर) पसरणारा स्थिर किरण सुमारे २२५ मीटरपर्यंत डोळ्याला धोकादायक असतो. पापणी मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ मिलिवॅट ही मर्यादा धरून हा आकडा निघतो. टेबलावर काम करताना तुम्ही त्याच किरणापासून हातभर अंतरावर असता. हिरव्या-निळ्या लेझरसाठी घेतलेला नारिंगी चष्मा लाल किरण सरळ आत सोडतो. लालसाठी ६३०–६६० नॅनोमीटरला ओडी (चष्मा किरण किती अडवतो त्याचं माप) ४ किंवा अधिक असं छापलेला निळसर-हिरवा चष्मा वेगळा घ्यावा लागतो. जुळवणी नेहमी डायोड जेमतेम पेटेल इतक्या कमी प्रवाहावर करा, पूर्ण शक्ती फक्त मोजमापापुरती. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. चकचकीत स्क्रूड्रायव्हरच्या पात्यावर काळी टेप गुंडाळा.

डोळा लालला कमी गुण देतो

लेबलवरचे मिलिवॅट आणि डोळ्याला दिसणारी चमक यांचा मेळ बसत नाही. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला सर्वाधिक प्रतिसाद देतो. तिथे १ वॅट म्हणजे ६८३ ल्युमेन. ५२० नॅनोमीटरच्या हिरव्याला त्यातले सुमारे ७१ टक्के मिळतात. ६३८ च्या लालला १९ टक्के, ६५० ला जेमतेम ११ आणि ६६० ला फक्त ६. निळ्या ४५० ला तर ४ टक्केही नाहीत, पण निळ्याचं पुढे कुठे अडत नाही. पांढऱ्यासाठी तो थोडाच लागतो आणि निळे डायोड ताकदवान मिळतात.

म्हणजे ६६० चा लाल ६३८ च्या लालइतका उजळ दिसावा, तर त्याला तिप्पट शक्ती हवी. ६५० ला जवळजवळ पावणेदोनपट. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये ‘लाल ३०० मिलिवॅट’ असं छापलेलं असतं आणि आत डीव्हीडी रायटरच्या जातीचा ६६० चा डायोड बसवलेला असतो. असा प्रोजेक्टर कितीही फिरवाफिरवी केली तरी उजळ पांढरा देणार नाही. घेताना वॅट विचारण्याआधी तरंगलांबी विचारा.

दिवसाच्या उजेडासारख्या तटस्थ पांढऱ्यासाठी, म्हणजे रंगशास्त्रात ज्याला डी६५ म्हणतात त्यासाठी, तिन्ही रंगांची शक्ती कोणत्या प्रमाणात लागते हे आंतरराष्ट्रीय रंग-कोष्टकांवरून काढता येतं. हिरवा ५२० आणि निळा ४५० धरला तर गणित असं येतं:

लाल ६३८ असेल तर लाल : हिरवा : निळा = १.४५ : १ : ०.५८
लाल ६५० असेल तर २.४ : १ : ०.५७
लाल ६६० असेल तर ४.१५ : १ : ०.५६

हे आकडे प्रोजेक्टरच्या काचेबाहेर मोजलेल्या शक्तीचे आहेत, डायोडवर छापलेल्या नव्हे. ते कापून कार्यशाळेच्या भिंतीवर चिकटवून ठेवण्याजोगे आहेत. समजा बाहेर मोजल्यावर लाल ६३८ चा ७०० मिलिवॅट, हिरवा १ वॅट आणि निळा १.५ वॅट आहे. विक्रेता याला ‘३.२ वॅट फुल कलर’ म्हणेल. तटस्थ पांढऱ्यात मात्र हिरवा ४८० आणि निळा सुमारे २८० मिलिवॅटच वापरता येतो. पांढऱ्याची एकूण शक्ती दीड वॅटच्याही किंचित खाली. उरलेला हिरवा-निळा एकेकट्या रंगाच्या दृश्यात कामाला येईल, पांढऱ्यात नाही.

हिरवा ५३२ चा डीपीएसएस (डायोडने पेटवलेल्या स्फटिकाचा लेझर) असेल तर तो थोडा कमी लागतो. डोळ्याला तो ५२० पेक्षा उजळ दिसतो.

डायोड निवडताना

६३८ नॅनोमीटरमध्ये दोन प्रकार आहेत. एकल-मोड डायोड साधारण १००–२०० मिलिवॅटचे. त्यांचा किरण बारीक आणि घट्ट, पण एका डायोडमध्ये शक्ती कमी. बहु-मोड डायोड ५०० मिलिवॅट, ७०० मिलिवॅट आणि त्याहून मोठेही मिळतात. मित्सुबिशीचा ५०० मिलिवॅटवाला आणि यूशिओचा ७०० मिलिवॅटवाला ५.६ मिलिमीटरच्या डब्यातला (धातूच्या आवरणातला) डायोड या कामात बराच वापरला जातो. मुंबईत ड्रायव्हरचे सुटे भाग, पेल्टियर (विजेवर एका बाजूने थंड होणारी चकती), थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक), एसएमपीएस (वीजपुरवठा), कनेक्टर हे सगळं ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. लाल डायोड मात्र डेटाशीट देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. डेटाशीटशिवायचा डायोड म्हणजे कमाल प्रवाह माहीत नसलेला डायोड.

जुन्या प्रोजेक्टरमधला ६६० काढून ६३८ बसवणं ही या क्षेत्रातली सगळ्यात फायद्याची सुधारणा आहे. तीत तीन खाचखळगे आहेत.

पहिला, डायक्रोइक आरसा, म्हणजे एक रंग आरपार सोडून दुसरा परतवणारा. लाल आरपार सोडणारा आणि हिरवा परतवणारा आरसा ६५०–६६० साठी बनवलेला असेल, तर त्याची सीमा ६३८ च्या अगदी जवळ असू शकते. आरशाआधी आणि आरशानंतर शक्ती मोजा. ५ टक्क्यांपर्यंत घट चालते. १५–२० टक्के जात असतील तर आरसा बदलायला हवा.

दुसरा, ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा. टीई आणि टीएम या तिच्या काटकोनातल्या दोन दिशा. ६६० चे डायोड साधारणपणे टीई ध्रुवीकरणाचे असतात, ६३८ चे अनेक डायोड टीएम. त्यामुळे नवा डायोड जुन्याच कोनात बसवला तरी प्रकाशाचं ध्रुवीकरण ९० अंशांनी फिरलेलं असतं आणि ४५ अंशांवरचा आरसा वेगळा वागतो. दोन लाल डायोड पीबीएस घनातून (ध्रुवीकरणानुसार किरण जोडणाऱ्या काचेच्या ठोकळ्यातून) एकत्र करत असाल तर हे आधीच पाहावं लागतं. नाहीतर एका डायोडचा सगळा प्रकाश घनाच्या भलत्या बाजूने बाहेर पडतो आणि दोष डायोडला दिला जातो.

तिसरा, डब्याची जोडणी. काही डायोडमध्ये डबा धन टोकाला जोडलेला असतो, काहींत ऋण टोकाला, काहींत कुठेच नाही. तांब्याच्या होल्डरमधून तो थेट बेसप्लेटला आणि तिथून एसएमपीएसच्या अर्थिंगला जाऊन भिडतो. डेटाशीटमधली पिनांची आकृती पाहून, गरज असेल तिथे होल्डर आणि बेसप्लेटमध्ये पातळ कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी टेप) किंवा सिरॅमिकची चकती घाला. टेपचा एकच थर. जास्त थर लावले तर उष्णता अडते.

ड्रायव्हर: आधी खोटा भार, मग डायोड

नवा किंवा दुरुस्त केलेला ड्रायव्हर सरळ डायोडला जोडू नका. १एन५४०८ जातीचे तीन साधे डायोड एकापुढे एक आणि त्यांच्या मालिकेत १ ओहम, ५ वॅटचा रोधक एवढा खोटा भार पुरतो. रोधकावर मल्टिमीटर लावला की १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर, वेगळं गणित नको.

प्रवाहाचा प्रीसेट सगळ्यात खाली आणा. मॉड्युलेशनच्या (चमक कमी-जास्त करणाऱ्या संकेताच्या) तारेवर ५ व्होल्ट द्या, कारण आयएलडीए या लेझर शोच्या प्रमाणित जोडणीत रंगाचा संकेत ० ते ५ व्होल्ट असतो. हळूहळू प्रवाह वाढवून डेटाशीटमधल्या चालू प्रवाहाच्या ८० टक्क्यांवर थांबा. वीज बंद-चालू करून पाहा: सुरू होताना क्षणभर उसळी येत नाही ना? मल्टिमीटरला ती दिसत नाही. ऑसिलोस्कोप असेल तर तो लावा. लाल डायोड मरतात ते मुख्यतः अशा उसळ्यांनी. प्रकाश बाहेर पडणारी त्यांची टोकाची बाजू काही मायक्रोमीटर क्षेत्रात प्रचंड प्रकाश सोसत असते. क्षणभर मर्यादा ओलांडली तरी ती जागा वितळते आणि परत येत नाही. निळे डायोड असल्या चुका अनेकदा पोटात घालतात, लाल घालत नाहीत.

ड्रायव्हरच्या बाहेर पडणाऱ्या टोकांवर कपॅसिटर असेल तर डायोड जोडण्याआधी तो रोधकाने रिकामा करा. कपॅसिटर भरलेला असताना डायोडची तार लावली की तो तिथेच जातो. सोल्डरिंग आयर्न अर्थ केलेली, हातात पट्टा, आणि डायोडच्या पिना काम होईपर्यंत बारीक तारेने एकमेकींना बांधलेल्या. जोडणी झाल्यावर ती तार काढायला विसरू नका.

आता शक्तीचा आलेख काढा. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या टप्प्यांनी वाढवा आणि प्रत्येक टप्प्याला पॉवर मीटरवरचा आकडा लिहा. थर्मोपाइल (उष्णतेवरून शक्ती मोजणारा) मीटर असेल तर प्रत्येक आकडा स्थिर व्हायला २०–३० सेकंद द्या. फोटोडायोडवाला स्वस्त मीटर असेल तर त्यात तरंगलांबी बरोबर निवडा. तसा मीटर ६५० वर ठेवून निळा मोजला तर तो निळ्याचा आकडा बराच कमी दाखवतो आणि पुढचं सगळं प्रमाण बिघडतं. लालचा आलेख एका ठराविक प्रवाहानंतर सरळ रेषेत चढतो. तो जिथे वाकायला लागतो तिथून पुढचा प्रवाह उष्णताच वाढवतो. वाकण्याच्या ५० मिलिअँपिअर आधी थांबा, आणि डेटाशीटची कमाल मर्यादा त्याआधी आली तर तिथे. हा कागद जपून ठेवा, वर्षभराने डायोड किती थकला हे त्यावरूनच कळतं.

उष्णता, आणि मुंबईची हवा

लाल डायोड अ‍ॅल्युमिनियम-गॅलियम-इंडियम-फॉस्फाइडचा असतो, निळा-हिरवा गॅलियम नायट्राइडचा. लालच्या पदार्थात इलेक्ट्रॉनांना अडवून धरणारी ऊर्जेची भिंत ठेंगणी असते. तापमान चढलं की ते भिंतीवरून निसटतात आणि प्रकाशाऐवजी उष्णता तयार होते. तरंगलांबी जितकी आखूड तितकी ही भिंत आणखी ठेंगणी. म्हणून ६३८ हा ६६० पेक्षा उजळ आणि जास्त नाजूक.

त्यावर दुसरा मार बसतो. दर अंश सेल्सिअसला लालची तरंगलांबी साधारण ०.२ नॅनोमीटरने लांबते. डायोड २० अंशांनी तापला तर ६३८ चा ६४२ होतो. डोळ्याच्या लेखी तेवढ्यानेच प्रत्येक वॅटची चमक सुमारे सहाव्या हिश्शाने घटते, आणि वॅट कमी झालेले असतात ते वेगळेच. हिरवा-निळा जवळपास जागच्या जागी राहतो. संध्याकाळी सातला पांढरा असलेला किरण साडेआठला पाणेरी, म्हणजे निळसर-हिरवट, दिसतो तो यामुळे. पंखा आहे म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. मे महिन्यात मैदानावरच्या बंद मंडपात हवाच ३५ अंशांची असेल तर पंखा डायोडला ३५ च्या खाली नेऊ शकत नाही.

निर्माण होणारी उष्णता मोजायला सोपी आहे: दिलेली विजेची शक्ती वजा बाहेर पडलेला प्रकाश. ०.९ अँपिअर आणि २.३ व्होल्टवर चालणारा डायोड २.०७ वॅट घेतो. त्यातला ०.६ वॅट प्रकाश झाला तर उरलेले दीड वॅट नखाहून लहान डब्यातून बाहेर काढायचे आहेत. डायोड तांब्याच्या होल्डरमध्ये घट्ट दाबून बसवा. होल्डर आणि बेसप्लेटमध्ये थर्मल पेस्टचा इतका पातळ थर द्या की खालचा धातू अंधुक दिसावा. स्क्रू आलटून-पालटून आवळा.

पेल्टियर लावायचा तर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा टीईसी१-१२७०६ चालतो. तो १२ व्होल्ट, ६ अँपिअरचा असला तरी दोन-तीन वॅटच्या लाल मॉड्यूलसाठी त्याला पूर्ण व्होल्टेज देऊ नका. ४–५ व्होल्टवर तो कमी तापतो आणि एवढ्या कामाला पुरतो. गरम बाजूचा हीटसिंक लहान असेल तर पेल्टियर स्वतःच्या उष्णतेत गुदमरतो आणि डायोड थंड व्हायच्याऐवजी तापतो. नियंत्रक १० किलोओहमच्या थर्मिस्टरवर चालणारा घ्या. थर्मिस्टर होल्डरला भोक पाडून डायोडच्या शेजारी बसवा, बेसप्लेटच्या कोपऱ्यात नको.

आता तापमान किती ठेवायचं? परदेशी लेखांत १८–२० अंश सांगतात. मुंबईत ते अंगाशी येईल. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या वर असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात ३३ अंश आणि ७० टक्के असली तरी तो २७ च्या आसपासच. त्याखाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं: आधी होल्डरवर, मग भिंगावर, मग डायोडच्या काचेवर. भिंगावर दव आलं की किरण फाटतो, लाल अचानक पडतो, आणि ऑपरेटर प्रवाह वाढवतो. उघड्या हवेत जून ते ऑक्टोबरमध्ये नियंत्रक २८–२९ अंशांवर ठेवा. वातानुकूलित सभागृहात २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १४–१५ वर उतरतो, तिथे २२ अंश बिनधास्त ठेवा. पण थंड प्रोजेक्टर सभागृहातून बाहेर आणून लगेच उघडू नका. बंद पेटीतच त्याला बाहेरच्या तापमानावर येऊ द्या.

ऑप्टिकल कप्पा वेगळा आणि बंद असावा, पंख्याची हवा फक्त हीटसिंकवरून जावी. कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की ती बदला. समुद्राजवळच्या कार्यक्रमांत खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करते. ड्रायव्हर ते डायोड या तारेतला एखादा गंजका सांधा लालचा प्रवाह मधूनमधून पाडतो, तेव्हा तिथे कनेक्टर ठेवण्यापेक्षा सोल्डर केलेला सांधा बरा.

किरणाची जाडी हाही रंगाचाच भाग

मीटरवर १.४५ : १ : ०.५८ बरोबर जुळलं, तरी पंधरा मीटरवर पांढऱ्या रेषेला लाल कड दिसू शकते. बहु-मोड लाल डायोडची प्रकाश देणारी पट्टी रुंद असते, त्यामुळे एका दिशेने किरण जास्त पसरतो. लाल ठिपका हिरव्याच्या दुप्पट क्षेत्रावर पसरला तर मध्यभागी लालची तीव्रता निम्मीच उरते. मधला भाग पाणेरी, कडा लाल. हा दोष रंगाच्या स्लायडरने जात नाही.

पहिला उपाय दंडगोल भिंगांची जोडी: एक बहिर्गोल, एक अंतर्गोल, रुंद दिशेतली पसरण कमी करणारी. दुसरा उपाय म्हणजे लालचा जास्त पसरणारा अक्ष आणि हिरव्याचा जास्त पसरणारा अक्ष एकाच दिशेत ठेवणं. त्याला खर्च काही नाही, फक्त डायोड होल्डरमध्ये फिरवावा लागतो. तिसरा उपाय पटत नसला तरी चालतो: हिरव्या-निळ्याचं भिंग किंचित सैल करून त्यांनाही लालइतकं जाड करणं. लहान सभागृहात हे चांगलं दिसतं, उघड्या मैदानावर किरण दुबळे वाटतात.

मग तिन्ही किरण दोन अंतरांवर जुळवा. आधी गॅल्व्होच्या (किरण फिरवून चित्र काढणाऱ्या मोटरच्या) आरशावर तिन्ही ठिपके एकमेकांवर आणा, यासाठी डायोडच्या जवळचा आरसा फिरवा. मग किमान १०–१५ मीटर दूरच्या भिंतीवर जुळवा, यासाठी डायक्रोइक फिरवा. दुसरं केलं की पहिलं थोडं सरकतं. आलटून-पालटून चार-पाच फेऱ्या कराव्या लागतात. इमारतीचा लांब जिना-कॉरिडॉर यासाठी सोयीचा असला तरी दोन्ही टोकं बंद केल्याशिवाय तिथे किरण सोडू नका.

पांढरा जुळवण्याची क्रिया

१. प्रोजेक्टर २० मिनिटं चालवा. तिन्ही रंग मध्यम शक्तीवर, एखादा फिरता नमुना लावून. थंड यंत्रावर केलेली जुळवणी तासाभरात बदलते.

२. सॉफ्टवेअरमधले रंगांचे सगळे जुने स्लायडर, वक्र आणि मर्यादा मूळ जागी आणा. मागच्या ऑपरेटरने काय करून ठेवलं आहे ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

३. फक्त लाल, पूर्ण २५५ वर (सॉफ्टवेअरमधला सगळ्यात वरचा आकडा), स्थिर किरण, काचेबाहेर पॉवर मीटर. पाच मिनिटांनी आकडा घ्या. हा तुमचा आधार. उदाहरणार्थ ६२० मिलिवॅट.

४. आधाराला तुमच्या लालच्या प्रमाणाने भागा. ६३८ साठी ६२० ÷ १.४५ = सुमारे ४३० मिलिवॅट हिरवा, आणि ४३० × ०.५८ = सुमारे २५० मिलिवॅट निळा. सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टर सेटिंगमधली हिरव्याची आणि निळ्याची कमाल मर्यादा मीटरवर हे आकडे येईपर्यंत खाली आणा. ड्रायव्हरच्या प्रीसेटला हात लावू नका. एकट्या हिरव्याच्या दृश्यात पूर्ण शक्ती हवी असेल तर ती मर्यादा फक्त पांढऱ्याच्या छटांसाठी वापरणारी रंगपट्टी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी बनवा.

५. आता मीटर बाजूला. कमी झगमगणाऱ्या पांढऱ्या भिंतीवर किंवा मॅट चार्ट पेपरवर मोठा पांढरा गोल काढा आणि डोळ्याने बघा. पिवळट डिस्टेंपरची भिंत फसवते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका: तो स्वतःच रंगाचा तोल बदलतो, शिवाय थेट किरणाने त्याचा सेन्सर जळू शकतो.

६. डोळ्याला जो फरक वाटेल तो हिरव्यापासून दुरुस्त करा, ३–५ टक्क्यांच्या पावलांनी. हिरव्यातला लहानसा बदलही डोळा लगेच पकडतो. निळा शेवटी.

७. उजेड शोइतकाच ठेवा. अंधारात सरावलेला डोळा लालला आणखीच कमी गुण देतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला पांढरा काळोख्या मंडपात पाणेरी दिसतो. शेजारी एलईडी वॉल चालणार असेल तर तीही लावून बघा.

मंद होताना रंग का बदलतो

पूर्ण शक्तीवर तोल जमला तरी दृश्य मावळताना पांढऱ्याचा निळा किंवा गुलाबी होतो. प्रत्येक डायोड एका ठराविक प्रवाहाखाली लेझर देत नाही, आणि तो प्रवाह तिघांचा वेगळा असतो. ड्रायव्हरवरचा बायसचा (संकेत ० असतानाही डायोडला मिळणाऱ्या प्रवाहाचा) प्रीसेट यासाठीच असतो.

अंधाऱ्या खोलीत मॉड्युलेशन ० वर ठेवा आणि बायस वाढवत न्या. कागदावर लेझरचा टोकदार ठिपका उमटला की थोडं मागे या. मंद, पसरट लाली राहिली तर हरकत नाही, ठिपका राहता कामा नये. राहिला तर दोन आकृत्यांमधल्या रिकाम्या जागी लाल धागा दिसत राहील. तिन्ही रंगांना हे केलं की २५५, १२८, ६४ आणि ३२ या पायऱ्यांचे करडे चौकोन शेजारी शेजारी काढा. ६४ गुलाबी दिसला तर लालचा बायस जास्त, पाणेरी दिसला तर कमी. ३२ वर थोडाफार फरक राहतोच, तो सॉफ्टवेअरच्या वक्राने काढा. लालचा बायस तापमानाबरोबर सरकतो म्हणून हेही काम तापलेल्या यंत्रावरच करायचं.

रेषेची सुरुवात पाणेरी आणि शेवटी लाल शेपूट, असं दिसलं तर हा तोलाचा प्रश्न नाही. लालचा ड्रायव्हर उशिरा प्रतिसाद देतो आहे. सॉफ्टवेअरमध्ये रंगांचा कालफरक बदलून तो झाकता येतो. फार मोठा असेल तर ड्रायव्हर बदला.

शोच्या जागी

धुराचा रंगावर परिणाम होतो. प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक कणांवरून निळा लालपेक्षा चौपट विखुरतो, मोठ्या थेंबांमध्ये हा फरक फार कमी होतो. त्यामुळे फॉग मशीन, हेझर आणि उघड्यावरचा फटाक्यांचा धूर यांत एकच किरण वेगवेगळ्या रंगाचा भासतो. हवेतल्या किरणांचा शो असेल तर शेवटची दुरुस्ती धूर सोडून, प्रेक्षकांच्या जागेवरून करा. भिंतीवरच्या चित्रांसाठी वेगळी सेटिंग जपून ठेवा. ग्लायकॉलच्या धुराचा चिकट थर बाहेरच्या काचेवर साचतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर यंत्र बंद आणि थंड असताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंगाच्या कागदाने ती पुसा. रुमालाने पुसलेल्या काचेवरचे ओरखडे जन्मभर राहतात.

मंडळाच्या जनरेटरवर एसएमपीएस रुंद इनपुटचा असावा. ढोल-ताशाच्या वेळी साउंडचा भार बदलताना व्होल्टेज हेलकावे खातं. लेझरची लाइन साउंडपासून वेगळी घ्या.

स्थिर किंवा हळू फिरणारा किरण प्रेक्षकांच्या उभं राहण्याच्या जागेपासून किमान ३ मीटर वर ठेवावा, हा रूढ दंडक आहे. आकाशात किरण सोडण्याचा विचार मुंबईत सोडूनच द्या. विमानतळाच्या आसपासच्या टापूत लेझरवर बंदीचे आदेश पोलीस वेळोवेळी काढतात, आणि सांताक्रूझ, जुहू, आता नवी मुंबई मिळून शहराचा मोठा भाग उड्डाणाच्या वाटेखाली येतो. गणेशोत्सव आणि नवरात्रीआधी त्या वर्षीचा आदेश स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन पाहा.

लाल पडला तर कुठे शोधायचं

सुरू करताना बरोबर, हळूहळू पाणेरी: उष्णता. होल्डरचं तापमान मोजा, पेस्ट आणि पंखा पाहा.

थंड असतानाही लाल कमी, पण ठिपका टोकदार: काच, भिंग किंवा आरशावर थर. नसेल तर सांध्यातला प्रवाह मोजा. प्रवाह बरोबर आणि शक्ती जुन्या आलेखापेक्षा २० टक्के खाली असेल तर डायोड म्हातारा झाला आहे. प्रवाह न वाढवता हिरवा-निळा पुन्हा त्याच्या मापाने खाली आणा, त्यात तो आणखी बरेच कार्यक्रम काढतो.

ठिपका विस्कटलेला, कडेला पट्टे: भिंग सरकलं आहे किंवा दव धरलं आहे. आधी दव पाहा. यंत्र बंद करून अर्धा तास थांबल्यावर आपोआप सुधारलं तर दवच होतं, नियंत्रक दोन अंशांनी वर घ्या.

प्रवाह पूर्ण, पण फक्त पसरट मंद लाली: डायोड गेला. नवा बसवण्याआधी त्याच ड्रायव्हरला पुन्हा खोटा भार लावून उसळी तपासा. जुना ज्या कारणाने गेला ते तिथेच असेल तर नवाही पहिल्याच संध्याकाळी जातो.